यादीत नसलेली सात पोरं

नीरजा दुसऱ्या दिवशी पाचोडजवळच्या एका गावातल्या शाळेत मुलांचं वाचन तपासणार होती. बसमध्ये पुढच्या बाकावरच्या बहीणभावानं त्याच गावाचं तिकीट काढलं, तशी ती कान देऊन ऐकू लागली.

"गुरुजी म्हनले, उद्या योगिनीला शाळंत धाडू नका."

"का गं, बाना?"

"वाचन तपासायला कुनी येनार हाय म्हनं."

"मग? आपली पोर तर लई झकास वाचती."

"व्हय. पन मेंढरांमागं चार महिने रानात असती, म्हनून कच्च्यांत धरली."

"वाचून घेतलं का तिच्याकडून?"

"नाय. आपल्या वस्तीवरच्या सातही पोरांना घरी ठिवा म्हनले. गावातल्या एकालाबी नाय."

नीरजाला राहवलं नाही. "मावशी, उद्या मीच येणार आहे."

बानाबाईनं वळून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग तुमच्या कागदावर योगिनीचं नाव हाय का?"

नीरजानं शाळेकडून आलेली यादी काढली आणि दोनदा वाचली.

"नाही."

"बरं. उद्या सातही पोरं दारात आनून उभी करते. तुमी आत घेता का नाय, ते बगते."