भिंगाखालचं नाव

तनुजा : नाव आठवत नाही? अण्णा, त्या गोऱ्या बाईच्या टोपीला कसली फीत होती तेही सांगता, आणि नाव तेवढं विसरलात?

कारभारी : अठ्ठावीस वर्सं झाली, तनू. तसली नावं ध्यानात ऱ्हातात व्हय?

तनुजा : पाटीवाला चौकात थांबलाय. उद्या सकाळी दवाखान्याचं उद्घाटन. तिनं दिलेलं भिंग पेशंट बसतात तिथं काचेच्या पेटीत लावणारे मी. खाली नाव नको?

कारभारी : लोकं काय नाव वाचायला येत्यात का?

तनुजा : वाचता येत नाही म्हणूनच तर येतील डोळ्यांच्या डॉक्टरकडं! आणि उद्या भाषणात ती गोष्ट तुम्हीच सांगायची. फर्दापूरचं आपलं दगडांचं दुकान, मी आठ वर्षांची, दगड उन्हात धरून बघणारी, आणि लेणी बघायला आलेली ती बाई 'पोरगी हुशार आहे' म्हणत भिंग देऊन गेली...

कारभारी : म्या? भाषण? नाय बाई. मी चारच्या एसटीनं गावाकडं जातो.

तनुजा : बसा खाली. चहा गार होतोय. तोंड का उतरलं एवढं?

कारभारी : बाई नव्हती, तनू.

तनुजा : म्हणजे?

कारभारी : कोणतीच बाई नव्हती गं. भिंग म्या आणलं, इथल्याच गुलमंडीच्या बाजारातनं. चष्मेवाल्याला आपला तो मोठा हिरवा दगड दिला अन् भिंग घेतलं. माझ्या मायला सांगितलं, दगड पडून फुटला.

तनुजा : आणि बाई कशाला उभी केली?

कारभारी : माय म्हणायची, पोरीला भाकरी थापायला शिकव. म्या म्हणलो असतो पोरगी हुशार हाय, तर दगडवाल्याचं कोण ऐकणार? गोरी बाई म्हणाली म्हणल्यावर मास्तरनं ऐकलं, सरपंचानं ऐकलं. मायनं तर गल्लीभर सांगितलं! मंग मागं फिरायला जागाच उरली नाय. तू त्याच भरवशावर शिकली. आता तुला वाटंल, आपल्याला हुशार कोणी म्हणलंच नव्हतं.

तनुजा : भिंगासोबत चिठ्ठी होती, आठवते?

कारभारी : इंग्रजीतली. म्या सांगितलं व्हतं, बाईनं 'मन लावून शिक' असं लिवलंय.

तनुजा : सातवीत मी डिक्शनरी घेऊन वाचली ती. 'भिंग वाळल्या गवताजवळ उन्हात ठेवू नये. मऊ कापडाने पुसावे.' खाली गुलमंडीच्या दुकानाचा शिक्का.

कारभारी : सातवीत? मंजी तवापासनं तुला...

तनुजा : त्या दिवशी लई रडले, अण्णा. आनंदानं. बाई आली असती तर पाच मिनिटं थांबून गेली असती. तुम्ही तर मला रोज बघत होतात.

कारभारी : मंग बोलली का नाय इतके दिवस?

तनुजा : गोष्ट सांगताना काय खुलायचात तुम्ही! दरवर्षी बाईला नवीन काहीतरी यायचं. आधी टोपी, मग छत्री, मागच्या दिवाळीत तर कुत्रं पण आलं.

कारभारी : (हसत, डोळे पुसत) कुत्रं जरा जास्तच झालं. लई हलकं वाटलं बघ पोरी. घास अडकल्यावानी व्हतं इतकी वर्सं.

तनुजा : खरं नाव तुमच्याच तोंडून हवं होतं, म्हणून तर विचारत बसले. मग पाटीवर काय लिहायचं?

कारभारी : लिव... कारभारी, दगडवाले. फर्दापूर.

तनुजा : आणि भाषण?

कारभारी : करतो. ती चिठ्ठी हाय का गं अजून?

तनुजा : ही काय, पर्समध्येच असते.

कारभारी : वाच बरं एकदा. काय लिवलंय?

तनुजा : 'मन लावून शिक, तनू.'