उभ्या गाडीची घाई

...अहो, ॲक्सिलरेटरवरचा पाय वर घेऊन मांडी घालून बसलो, तरी इंजिन आपलं भर्र्र! तुम्हाला सांगतो, पलटण गेल्यावर लिलावात घेतलेला हा मिलिटरीचा ट्रक, गुणी होता हो; पण महिनाभर असा बोंबलायला लागला की शेजारच्या कॅम्प चारातल्या निर्वासितांच्या खाटा हलायच्या! मला सांगा, उभ्या गाडीला एवढी घाई कसली?

आणि नेमके तेव्हाच चामटोलीचे हरिचंद्रतात्या मला बघायला आले! त्यांची चिमी मला पसंत... अगदी मनापासून! तात्या लांबूनच म्हणाले, "उभ्यानं एवढी वरडते, ती उतारावर काय करल? माझी पोर हिच्यात बसायची नाय. आधी हिला गप करा, मंग लग्नाचं बोला." झालं! चिमी गेली की हो हातची!

धावलो जयदेव मिस्त्रीकडे. सिंधी माणूस, हात सोन्याचा. त्यानं इंजिनचा वेग कमी करायचा स्क्रू सोडला, आणखी सोडला... हातात आला! इंजिन भर्र्रच! "साईं, ये हवा किधर से खाती है?" म्हणत कार्बुरेटरच्या तोंडावर चक्क तळहात ठेवला. इंजिन गुदमरून बंद! मी ओरडलो, "मारलीत?" तर हा खूश! "चोर रास्ता नहीं है. हवा दरवाजे से ही आती है!" म्हणजे आतली झडपच उघडी राहतेय. पण का? स्प्रिंग धड, पाय वर, मग मिटत का नाही? उभ्या गाडीला एवढी घाई कसली? चिमी राहिली बाजूला, मला त्या झडपेचंच वेड लागलं! झडप ओढणाऱ्या दांडीवरून बोट फिरवत गेलो, गेलो... आणि थांबलो. हळदीचा दोरा!

दसऱ्याच्या पूजेला आईनं इंजिनला दोऱ्याचे पाच फेरे घालून सुतवलं होतं, त्यातला एक त्या दांडीवरून, तिला ओढून धरणारा! आणि मी महिनाभर रोज बॉनेट उघडून त्याच दोऱ्याला नमस्कार करत होतो हो! जयदेवनं पक्कड खाली ठेवली, हात जोडले. "ये मैं नहीं काटेगा." आई म्हणाली, "शाम्या, कात्री लावून तर बघ!" शेवटी तिनंच पुटपुटत उलटे पाच फेरे सोडले, स्क्रू परत बसला... आणि गाडी अशी शांत झाली, तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं!

तात्या राजी झाले, लग्न लागलं. वऱ्हाड ट्रकमध्ये बसलं, इंजिन सुरू केलं... टुकटुक, टुकटुक. तात्यांनी कान दिला. "बंद पडली रं! उतरा सगली!" अहो, चालू आहे! कोण ऐकतंय? पंचवीस माणसं खाली उतरून चालू गाडीला खांदा लावतायत, चिमीसुद्धा शालू खोचून! आता सासऱ्यांना पहिल्याच दिवशी खोटं कसं पाडायचं? मुंडावळ्या मागे टाकल्या... आणि उतरलो मीही ढकलायला!