पडलं न्हाई, बंद केलंय

माझं माहेर उत्रोलीचं, भाताचं गाव, चिखलात वाढलेली पोर, आन दिलं कापूरहोळात मिस्तरीच्या घरात, तवापासनं आइलचा वास नाकातनं गेला न्हाई बघा. आमचे हे टू-स्ट्रोकवाले. पेट्रोलातच आइल मिसळायचं आन धूर सोडत पळायचं, असल्या गाड्या, फवारणीचे पंप, सारं भोर-वेल्ह्यातनं ह्यांच्याकडं यायचं. मग त्या गाड्याच गेल्या, पंपबी बॅटरीवर आले, आन ह्यांनी शटर वढलं. कुणी इचारलं, मिस्तरी, दुकान बंद पडलं का, की म्हणायचे, पडलं न्हाई, म्या बंद केलंय. मला कळत व्हतं वो, पडलंच व्हतं ते. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी, नुसतं ओट्यावर बसून हायवे बघायचे. ह्यो माणूस असाच विझून जाणार, अशी मला लई भीती बसली व्हती.

आन एक दिवस पुण्याच्या मॅडम आल्या, टेम्पोत इंजिन घालून. केसं पिकलेली, माझ्याहून थोरल्याच. म्हणाल्या, मिस्तरी, हे विमानाचं आहे. माझ्या हातातला चहाच सांडला. त्यांचं इमान हलकं, लांब पंखांचं, भोंगवलीकडच्या माळावर ठेवलेलं. इंजिनानं वर जायचं, मग वाऱ्यावर घारीवानी घिरट्या घालायच्या. इंजिन मातर टू-स्ट्रोक. हे हसले वो, कितीक महिन्यांनी. मग काय, कार्बन खरवडला, रिंगा बदलल्या, मॅडम पुस्तकातनं मापं सांगायच्या, हे हातानं बघायचे, आइल किती मिसळायचं त्यावरनं दोघं भांडायचे आन भांडून झालं की माझ्याकडं चहा मागायचे. म्या इंजिनाला हळदकुकू लावलं तर हे म्हणाले, बेतानं गं, आत जाईल.

उडवायच्या दिशी आमी दोघं माळावर गेलो. इमान वर गेलं, टर्रर आवाज, आन एकाएकी आवाजच बंद. काय सांगू तुमाला, मी पदर खोचून पळत सुटले, मेंढरं राखणाऱ्या धनगरणीची घोंगडी वढली, म्हणलं धर एक कोपरा, मॅडमला झेलू. हे मागनं वरडतायत, अगं थांब, पडलं न्हाई, बंद केलंय त्यांनी, आता नुसतं तरंगायचं. धनगरीण हसून खाली बसली. मला काय पटंना. म्हणलं, दुकानाचंबी तुमी असंच म्हणत व्हता.

हे वर बघत म्हणाले, व्हय, दुकान पडलंच व्हतं. आता हे इंजिन वर परत चालू झालं, तर बंद केलंय ते खरं. चार लोकांत कधी बायकूचा हात न धरलेला माणूस माझा हात धरून हुबा राह्यला. इमान आपलं घिरट्या घालतंय, आवाज न्हाई. धनगरीणबी हसायची थांबली. आन मग, टर्रर. ह्यांनी डोळं पुसलं. मी घोंगडी झटकून जिची तिला दिली.

आता सकाळी शटर उघडतंय. लोक गवत कापायच्या मशिनी आणतात, त्याबी टू-स्ट्रोकच. मॅडम कधी वरनं गेल्या तर हे हातातला घास तसाच धरून ऐकतात, म्हणतात, आइल बराबर हाय. मी वर बघून म्हणते, बाई, तुमी बंद करा, चालू करा, पर खाली नीट या. आन ह्यांचं दुकानबी चालू राहू दे. कधी बंद करायचंच झालं, तर आपल्या हातानं करू, पडायला नको.