सिओनेची गदा

सिंगापुरात तोआ पायोहला बसच्या रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर मराठी जोडपं उभं होतं.

“आशालता, माझ्या जहाजावरच्या सिओनेनं दिलेली ती टोंगा बेटांवरची गदा भिंतीवर दिसत नाही.”

“स्वयंपाकघरात आहे. दाण्याचं कूट छान होतं तिनं.”

“अगं, लढाईची गदा आहे ती. त्याच्या वडिलांनी कोरलेली. नक्षीत त्यांचे पूर्वज आहेत. तो उद्या जेवायला येतोय, आता काय सांगू त्याला?”

“मी सकाळीच फोनवर सांगून टाकलं.”

“रागावला?”

“छे, हसला. म्हणाला, गदा जो चालवतो तोच घरचा सरदार. उद्या आल्यावर पहिला नमस्कार मला करणार आहे.”

“आणि मी?”

“तुम्ही मेथी निवडायला बसा.”