गिअरबॉक्सचा लाल दिवा

माझ्या ऑटोमॅटिक गाडीचं तुम्हाला कधी सांगितलं का? शहाण्णव साली भावाने मस्कतहून आणून मला दिली. नेरूळहून बेलापूरला ऑफिसात पोचेपर्यंत गिअरबॉक्सचं तेल तापल्याचा लाल दिवा लागायचा. तुर्भ्याच्या मिस्त्रीने दोनदा तेल बदललं, मग म्हणाला, "ताई, विकून टाका. साधी गिअरची घ्या."

"माझा डावा पाय पोलिओचा. क्लच कशाने दाबू?"

मी गाडीचं पुस्तक उघडून तिथेच स्टुलावर बसले. "तेल थंड करणारी जाळी पुढे असते म्हणे. खोला. तोवर मी हलत नाही."

त्याने पुढचा भाग खोलला. जाळी चिखलाने पार बुजली होती. धुतली, आणि दिवा लागायचा थांबला.

महिन्याभराने त्याचाच फोन. "ताई, दुसरी एक ऑटोमॅटिक आलीय. जरा येता का?"