हातभर पुढे

हललेल्या नाहीत हो खुणा, तुमची मानच हलत असेल मिस्त्री — दिवसभर छताकडे तोंड करून जगणाऱ्याचं असंच होतं, आमच्या वायरिंगच्या लाइनीत असे दोघे मला ठाऊक होते, त्यांना शेवटी शेवटी समोरचा माणूस दिसायचा नाही, पंखा तेवढा दिसायचा. काय म्हणता? काल नऊ खुणा केल्यात, तीन ओळी, ओळीत तीन, आणि आज ओट्याकडची ओळ भिंतीकडे सरकलीय? हातभर? मोजलंत? कमाल आहे, मोजणारा मिस्त्री जन्मात पहिल्यांदा बघतोय मी. बरं, फोन ठेवा खाली. माझ्या सुनेला फोन करायची एवढी कसली घाई, ती येतेच आहे त्या डिझाइनवालीला घेऊन. हो, मीच हलवल्या, झालं समाधान? सकाळी ओल्या फडक्यानं पुसल्या आणि नव्या काढल्या. चौऱ्याहत्तरावं चालू आहे, घोडीवर चढायला काय धाड भरलीय, आम्ही — म्हणजे मी, मी एकट्यानंच.

तो कागद नका दाखवू मला. पाहिलाय. घरात तीन दिवस त्याची पूजाच चालली होती म्हणा ना. डिझाइनवाली म्हणते, दिव्यांच्या ओळी छताच्या मधोमध पाहिजेत, चारी बाजूंनी सारख्या, नाहीतर छत वाकडं दिसतं. कुणाला दिसतं? स्वयंपाकघरात उताणं कोण झोपतं? पण आमचे चिरंजीव इंजिनियर पडले, मान डोलवायचं शिक्षण चार वर्षं घेतलंय त्यांनी. दिव्यांच्या दुकानात गेलो तिघं, तर तिथला टाय लावलेला पोपट मला विचारतो, आजोबा, किचनमध्ये मूड कसा हवाय? म्हटलं, भूक लागल्याचा. तो हसला नाही. तिथे उजेडाला पण घराणी आहेत, पिवळा उजेड, गोरा उजेड, मधला उजेड, आणि आमची सून पिवळ्यावर भाळली, का तर फोटो छान येतात. मी खिशातून वर्तमानपत्र काढलं, दिव्याकडे पाठ केली आणि म्हटलं, आता यातलं मला काही वाचता येतंय का सांगा. पोपट म्हणाला, आजोबा, तुम्ही वळून उभे राहा ना. वळून! ओट्यापाशी माणूस वळून उभा राहिला तर कांदा काय पाठीनं चिरणार?

या, इकडे या, उभे राहा ओट्यापाशी. अहो, या तर खरं, खात नाही तुम्हाला. कानावरची पेन्सिल काढा आणि धरा ओट्यावर, चिरायला धरतात तशी. आता ही माझी बॅटरी मी तुमच्या कालच्या खुणेच्या जागेखाली धरतो, हात उंच करून — दिसली पेन्सिल? नाही ना? तुमचंच डोकं आणि तुमचेच खांदे ओट्यावर पसरलेत. आता हातभर पुढे. हां. आता टोक मोडलेलं पण दिसतंय. एवढंच आहे सगळं शास्त्र, मी चौथी नापास आहे आणि मला कळतं, ती बाई परदेशात जाऊन शिकलीय म्हणे. उंटावरचे शहाणे ऐकले होते, हे छतावरचे.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला फार कळतं. पस्तीस वर्षं वायरमन होतो, खटकेवाला म्हणायचे मला, तीन शाळा, एक पिठाची गिरणी, दोन दवाखाने माझ्या हातचे उजळलेत. कुणाच्याही घरी गेलो की आधी छताकडे बघायचो आणि नाक मुरडायचो. आणि आमच्या घरी? — दिव्याखाली अंधार म्हणतात, आमच्याकडे दिव्यापुढे होता. भाड्याची खोली, स्वयंपाकाची जागा चिंचोळी, वायर दारापर्यंत पुरली, मी म्हटलं, असू दे, दारावरच लावू. एक दिवा, बरोब्बर बायकोच्या पाठीमागे. एकतीस वर्षं तिनं स्वतःच्या सावलीत स्वयंपाक केला. आणि मी काय करायचो सांगू? जेवताना शर्टाचं बटण हळूच भातात सोडायचो आणि बोंब मारायचो, अगं, आंधळी आहेस का, बटण शिजवलंस. पोरगं हसायचं, शेजारी हसायचे, ती पण हसायची. मग ताट घेऊन खिडकीपाशी जायची आणि भात निवडायची, आणखी काही आहे का बघायला. मला वाटायचं, माझी थट्टा पुढे चालवतेय.

नाही, आता हसण्यासारखं काय आहे त्यात.

कळलं कधी? तीन वर्षांपूर्वी. तिच्या डोळ्यांचं बिघडलं, आठ दिवस दवाखान्यात होती, आणि मी जन्मात पहिल्यांदा सुरी हातात घेतली. हा अंगठा बघा, हा व्रण. कांदा कुठे आणि माझा अंगठा कुठे तेच दिसेना, आधी सुरीला शिव्या दिल्या, मग कांद्याला, मग मागे वळून वर बघितलं. त्याच दुपारी दिवा पुढे आणला. आणला आणि काय? ती परत आली ती डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून. मागचा पडदा झिजलाय म्हणतात, समोरून भरपूर उजेड मिळाला तर कडेकडेनं दिसतं, नाहीतर नाही. मुलानं आम्हाला त्याच्या आत्ताच्या घरी आणलं. तिकडच्या मिणमिणत्या ओट्यापाशी तिनं दोनदा बोट कापून घेतलं, आता मुलाचा हुकूम आहे, आईनं नव्या घरात ओट्यापाशी फिरकायचं नाही, आराम करायचा. आराम! खुर्चीला हात असतात तसे तिचे हात झालेत, नुसते ठेवलेले. आणि आज तुम्ही नऊ भोकं पाडणार, छत रंगवणार, मग ती भोकं तुमचा बाप आला तरी सरकायची नाहीत. कागदाप्रमाणे पाडलीत तर मुलाचं म्हणणं खरं होणार, तिला खरंच काही दिसायचं नाही.

म्हणून आणलं तिला सकाळी. घोडी तिनंच धरली, आता कबूलच करतो. तिला सांगितलं, मिस्त्रीची आणि सुनेची फजिती करायचीय, चल, आणि तू इथं उभी राहा, हातात काहीतरी धर, म्हणजे मला अंदाज येईल. तिनं माझाच चष्मा धरला. मी वर चढलो, दोरीला नट बांधून खाली सोडला, तो तिच्या बोटांच्या बरोब्बर पुढे आला तिथे खूण केली. तिच्या उंचीवर बेतलेली आहे ती ओळ, मिस्त्री. वर बघायचं सोडाच, मानही न वळवता ती म्हणाली,

"त्या घरात दिवा पाठीशी होता."

मी घोडीवरूनच वाकून तिच्याकडे बघितलं. मग म्हटलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, पहिल्या दिवसापासून. मग बोलली का नाहीस, बाई, एकतीस वर्षं? तर म्हणते,

"गावभर सांगत होतात ना, दिव्यातलं मला कळतं म्हणून."

एवढंच. रागानं नाही हो, रागानं म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. आणि मग म्हणते, उतरा आता, माझे हात दुखले.

काय बघताय माझ्याकडे? छताकडे बघा, तुमचं काम ते. लिफ्टचा आवाज ऐकलात? आल्या त्या. कुलूप काढून आत येईपर्यंत दोन मिनिटं, त्यात ओट्याकडची तीन झाली पाहिजेत, बाकीची सहा कागदावर असतील तशी पाडा, त्यांना तीच बघत बसू देत. ओरडली सून तर सांगा, म्हातारा खोडसाळ आहे, खुणा हलवल्या, मला काय माहीत. ते तिला लगेच पटेल. बायकोचं काही बोलायचं नाही, मुलाला तर मुळीच नाही — दिवे लागले की ती आपली आपण येईल ओट्यापाशी, मग बघू दे त्याला.

चढा. घोडी मी धरतो. आणि तोंड मिटा, पूड पडते. मीही मिटतो.