गॅलरीतली जांभळी हॅट

रविवारी शिकागोत बसच्या रांगेत व्हर्नेलच्या पुढे चर्चहून परतणाऱ्या दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या.

“आमदारबाईंनी विधानसभेत ओडेसाच्या नातवाचा दमा सांगितला गं. कोळशाचं वीजघर आपल्या काळ्यांच्याच वस्तीत का, असं विचारलं.”

“आणि ओडेसा जांभळी हॅट घालून तिथल्या प्रेक्षक गॅलरीत मिरवत होती. तिचं घर चिमणीपासून केवढं लांब. आमचं तर कुंपणाला लागून.”

“कायदा झाला ना पण, लुरीन? वीजघर बंद होतंय, छपरांवर सौर पॅनेल येतायत.”

“येऊ देत. माझा नवरा, क्लेटन, त्याच धुरानं गेला. त्याचं नाव घेतलं कुणी?”

“बाईंना सांगायचंस तरी.”

“त्या आधी माझ्याकडेच आल्या होत्या.”

“मग?”

“मीच म्हटलं, आमच्या घरातलं दुखणं चारचौघांत कशाला.”